डबल

रेक्टरच्या कामात सगळ्यात नावडतं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी एका क्षणात सांगेन – रूम चेकिंग. आपण दार वाजवायचं, आतून 'एक मिनिट सर' असा आवाज यायचा आणि त्या एका मिनिटात हीटर, इस्त्री, शेगडी यांपैकी जे काही असेल ते पलंगाखाली जायचं. मग आपण आत जाऊन काही दिसत नसल्यासारखं करायचं. याच हॉस्टेलमध्ये मी चार वर्षं काढली आहेत, त्यामुळे पलंगाखाली काय असतं ते वाकून बघायची मला गरज पडत नाही.

गेल्या सत्रात असंच एका फर्स्ट इयरच्या पोराच्या खोलीत गेलो. त्यानं घाईघाईत एक पत्र्याचा डबा उशीखाली सारला. म्हटलं, झालं, सिगारेट असणार. आवाज जरा चढवून म्हणालो, "काय आहे ते? काढ बाहेर." पोरगा कानापर्यंत लाल झाला. डब्यात निघाली क्रिकेटपटूंची कार्डं! शे-दीडशे तरी असतील. टीमप्रमाणे लावलेली, रबरबँड घातलेली. सातवी-आठवीत जमवलेली, घरून निघताना टाकवेनात म्हणून बरोबर आणली, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. जणू कॉपी करताना पकडला होता.

मी खुर्ची ओढून बसलो. "यातली डबल किती आहेत?" असं विचारल्यावर त्यानं पहिल्यांदा वर बघितलं.

त्या दिवशी उरलेल्या मजल्याचं चेकिंग झालं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेगड्यांना त्या पोराचे आभार मानायला हरकत नाही.

'डबल' हा शब्द ज्यांनी काही जमवलं आहे त्यांनाच कळतो. आपल्याकडे असलेलंच चित्र पुन्हा निघालं की ते डबल. ज्याच्याकडे डबल जास्त तो श्रीमंत, कारण अदलाबदल त्याच्याच जिवावर चालते. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८७ च्या सुमाराला, 'बिग फन'सारख्या बबलगमबरोबर खेळाडूंची चित्रं मिळायची. पुढे खेळाडू, मागे रन किंवा विकेट छापलेल्या. त्या जमवल्या की बक्षीस मिळे म्हणतात, पण आमच्या गल्लीत बक्षिसाची कुणाला पडली नव्हती. चित्र द्यायचं आणि बक्षीस घ्यायचं, हा सौदाच आम्हाला खुळ्यासारखा वाटायचा.

आमचं गाव कऱ्हाडपासून फार लांब नाही. वडील साखर कारखान्यात टाइम ऑफिसला. त्या वर्षी वर्ल्ड कप भारत-पाकिस्तानात होता आणि मी पाचवीत. पानटपरीवरच्या रेडिओभोवती अख्खं स्टँड गोळा व्हायचं. ३१ ऑक्टोबरला नागपूरला गावसकरनं न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकलं – अंगात ताप असताना, ८८ चेंडूंत नाबाद १०३. वन-डेमधलं त्याचं एकुलतं एक शतक. त्याच सामन्यात चेतन शर्माची हॅट्ट्रिक. गावात दिवाळी पुन्हा आल्यासारखं झालं. आणि पाच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, वानखेडेवर सेमीफायनलला इंग्लंडच्या गूचनं स्वीप मारमारून आपल्याला घरी बसवलं. गावसकर चार रन काढून बोल्ड. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. पाचवीतल्या पोराला एवढंच कळलं, की आता गावसकर खेळणार नाही, म्हणजे त्याचं चित्रही येणार नाही.

आणि माझ्याकडे गावसकर नव्हता!

सेट नेमका किती चित्रांचा हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांची मिळून जेवढी वेगवेगळी निघाली होती ती होती पंचवीस. म्हणून सेट पंचवीसचा, असं आम्हीच ठरवून टाकलं. माझ्याकडे दिवाळीपर्यंत चोवीस झाली होती. गावसकर एकाकडेच होता आणि तो काही केल्या द्यायला तयार नव्हता. खाऊचे पैसे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे, सगळं बबलगममध्ये गेलं. गालफडं दुखायला लागली. निघायचे ते डबलच.

पुढे इंजिनिअरिंगला संभाव्यता शिकताना या दुखण्याचं नाव कळलं. 'कूपन कलेक्टर' नावाचा गणितातला नावाजलेला प्रश्न आहे. समजा, चित्रं पंचवीस प्रकारची आहेत आणि प्रत्येक पुडीत त्यांतलं कुठलंही एक सारख्याच शक्यतेनं निघतं. सगळी जमायला सरासरी किती पुड्या लागतील? उत्तर आहे २५ गुणिले (१ + १/२ + १/३ असं करत १/२५ पर्यंत). बेरीज करा, ९५ च्या आसपास येतं. त्यातली गंमत पुढे आहे. पहिली तेरा चित्रं साधारण १८ पुड्यांत मिळून जातात. म्हणजे उरलेल्या बारांसाठी पंचाहत्तरपेक्षा जास्त पुड्या! आणि चोवीस हातात आल्यावर एकट्या शेवटच्यासाठी सरासरी २५ पुड्या लागतात. बरं, सरासरी म्हणजे हमी नव्हे. आधीच्या चाळीस पुड्या वाया गेल्या म्हणून एक्केचाळीसाव्या पुडीला तुमची दया येत नाही. तिच्यात शक्यता तेवढीच, पंचवीसात एक.

सरांनी फळ्यावर हे सोडवलं तेव्हा वर्गातली अर्धी पोरं झोपली होती. मी मात्र टक्क जागा होतो. सेट पुरा करायचा स्वस्त रस्ता एकच असतो – आणखी पुड्या घ्यायच्या नाहीत, ज्याच्याकडे आहे त्याच्याशी अदलाबदल करायची. हे मला गणित येण्याच्या आधी, पाचवीतच समजलं होतं. आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

कारखाना सुरू झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड, नगर भागातली माणसं. बैलगाड्या, भांडीकुंडी, लेकरंबाळं, सगळा संसार घेऊन येतात, कारखान्याच्या मोकळ्या रानात पाचटाच्या कोप्या घालून राहतात आणि पट्टा पडला की निघून जातात. त्या वर्षी दिवाळीनंतर एक मुलगा आमच्या वर्गात येऊन बसायला लागला. टोळीतला होता. हजेरीत नाव नव्हतं, पण गुरुजींनी 'बस' म्हटलं आणि तो मागे खिडकीपाशी बसला. चार दिवस यायचा, दोन दिवस आईबापाबरोबर फडात जायचा. त्याचं नाव मला पक्कं आठवतं, पण इथे लिहीत नाही. लिहायचं तर त्याला विचारायला हवं.

त्याच्या पुस्तकात गावसकर होता.

येताना कुठल्याशा स्टँडवर पडलेला सापडला, असं तो म्हणाला. एक कोपरा दुमडलेला, बाकी कोरा करकरीत. त्यानं आयुष्यात बबलगम खाल्लेलं नव्हतं. त्याच्यापाशी ते एकच चित्र होतं आणि तो पानात खूण म्हणून ते वापरत होता. खूण म्हणून! माझ्या पोटात कालवाकालव झाली.

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी माझी सहा डबल घेऊन गेलो. इंग्लंड-न्यूझीलंडचे असे खेळाडू, जे गल्लीत कुणी फुकटसुद्धा घेत नव्हतं. ती बाकावर ओळीत मांडली आणि म्हटलं, "तुझं एक दे, माझी सहा घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग चित्रांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "सहाच्या सहा?" त्यानं विचारलं. एवढा आनंद एखाद्याच्या तोंडावर मी त्याआधी बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी सोललेल्या उसाच्या कांड्या आणल्या. मी उदार आहे असं त्याला वाटत होतं. मी त्या खाल्ल्या.

आता कुणी म्हणेल, यात फसवणूक कुठे आहे? दोघांनी राजीखुशीनं अदलाबदल केली. बाजाराचा नियमच आहे. मीही बरीच वर्षं मनाला हेच सांगितलं. पण त्या बाकावर दोघांपैकी एकालाच भाव माहीत होता. आणि ज्याला माहीत होता, त्यानं तो मुद्दाम सांगितला नाही.

उन्हाळा लागला. पट्टा पडायची वेळ आली. एक दिवस मी शाळेतून घरी आलो तर आई म्हणाली, "आरं, ते टोळीतलं पोरगं यिऊन गेलं. त्याला त्याचं चित्र पायजे हुतं. ही तुझी सहा परत दिल्यात बघ. 'तो आला की माझं द्या' म्हणालं. दिऊन ये जा."

टोळीतल्या कुणा थोराड पोरानं त्याला सांगितलं असणार, की गड्या, तुला गंडवलं.

सहाही चित्रं आईनं फळीवर ठेवली होती. एकाचाही कोपरा मुडपलेला नव्हता. मी म्हणालो, "उद्या देतो."

उद्या टोळी निघणार हे मला माहीत होतं. वडील टाइम ऑफिसला. कुठली टोळी कधी जाणार याची बोलणी रात्री जेवताना आमच्या घरात चालायची. माहीत होतं म्हणूनच 'उद्या' म्हणालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोप्यांकडे चक्कर मारली. तिथं चुलींचे दगड होते आणि पाचटाचे ढीग.

सेट पूर्ण झाला. वर सहा डबलही परत मिळाली. असा सौदा अख्ख्या गल्लीत कुणाला जमला नव्हता, आणि गल्लीत कुणाला तो सांगायची माझी हिंमतही नव्हती. पुढच्या दिवाळीनंतर टोळ्या आल्या. त्यात तो नव्हता. वडिलांना विचारलं असतं तर मुकादमाचं नाव, गाव, सगळं रजिस्टरवरून कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं. नाही विचारलं. हळूहळू क्रिकेट कमी झालं, बोर्डाची परीक्षा आली आणि डबा कुठेतरी गेला.

असो. आता थोडं परदेशात जाऊन येऊ. हॉस्टेलमधला माझा रूम-पार्टनर एमएस करायला पिट्सबर्गला गेला. क्रिकेटचं वेड असलेला माणूस, तिथे खेळायला-बघायला कुणी नाही म्हणून बेसबॉल बघायला लागला आणि आपण रणजी स्कोअर पाठ करायचो तसे बेसबॉलचे आकडे पाठ करायला लागला. तिथल्या स्टेडियमबाहेर होनस वॅग्नर नावाच्या जुन्या खेळाडूचा पुतळा आहे. त्याच्याबद्दल त्यानं मला फोनवर सांगितलं आणि मग मी वाचत गेलो.

अमेरिकेत बेसबॉलपटूंची कार्डं एकोणिसाव्या शतकापासून आहेत. आधी ती सिगारेटच्या पाकिटात असत, नंतर बबलगमबरोबर आली. १९०९ ते ११ च्या दरम्यान निघालेल्या 'टी-२०६' नावाच्या सेटमध्ये वॅग्नरचं कार्ड होतं, पण त्याची छपाई लवकरच थांबली. कुणी म्हणतं, आपल्या चित्रासाठी पोरांनी तंबाखू विकत घेऊ नये असं त्याला वाटलं. कुणी म्हणतं, पैशावरून बिनसलं. कारण काहीही असो, आज तशी जेमतेम साठएक कार्डं माहीत आहेत आणि २०२२ साली त्यातलं एक ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं.

दुसरी गोष्ट याहून भारी. 'टॉप्स' कंपनीनं १९५२ साली ४०७ कार्डांचा सेट काढला. त्यातला शेवटचा हप्ता दुकानात यायला उशीर झाला, सीझन संपत आला आणि माल पडून राहिला. काही वर्षं गोदामात सांभाळला. शेवटी १९६० मध्ये कंपनीच्याच माणसानं तो होडीत भरून अटलांटिक समुद्रात बुडवला. त्या हप्त्यात मिकी मँटलचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कार्डाची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. आपल्या पैशात शंभर कोटी! १९८०-९० च्या दशकात लोक कार्डांकडे गुंतवणूक म्हणून बघायला लागले, कंपन्यांनी ती भरमसाट छापली, लोकांनी ती प्लॅस्टिकमध्ये घालून जपून ठेवली. आज त्यातल्या बहुतेकांना कवडीची किंमत नाही. कारण उघड आहे, सगळ्यांनीच जपली! जुनी महाग का, तर ती कुणी जपली नव्हती. पोरांनी सायकलच्या चाकात अडकवली, भिंतीवर टिचवली आणि उरलेली आयांनी माळा साफ करताना फेकून दिली. अमेरिकेतल्या त्या पिढीत 'आईनं माझी कार्डं टाकली नसती तर आज मी लखपती असतो' हा ठरलेला विनोद आहे.

माझ्या आईनं माझी टाकली नाहीत.

चार वर्षांपूर्वी गावाकडचं घर दुरुस्तीला काढलं. आईच्या लोखंडी ट्रंकेत लुगड्यांच्या खाली माझा डबा निघाला. माझ्या वह्या, प्रगतिपुस्तकं, 'चांदोबा', सगळं तिनं कधीच रद्दीत घातलं होतं. डबा तेवढा राहिला होता. मी हसत म्हटलं, "आई, एवढी कागदाची चित्रं कशाला गं ठेवलीस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात त्या पोराचं हाय न्हवं? मागाय आला तर काय द्यायचं?"

तेहतीस वर्षं! एकदाही बोलली नव्हती. मी तेव्हा गेलो नाही हे तिला माहीत होतं. वडिलांना तिनं सांगितलं नव्हतं. मला कधी टोचलं नव्हतं. नुसतं दुसऱ्याची वस्तू घरात आहे म्हणून ती लुगड्यांखाली नीट ठेवली होती.

त्यानंतर मी थोडी धडपड केली. वडील आता नाहीत. कारखान्यात जाऊन विचारलं, तर तेव्हाची रजिस्टरं राहिलेली नाहीत. दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून बीड जिल्ह्यात जायचं आलं, तेव्हा डबा बॅगेत टाकून नेला. मला फक्त त्याचं पहिलं नाव आणि तालुका ठाऊक. ओरल संपल्यावर स्टँडवर दोन-तीन म्हाताऱ्या गाडीवानांशी बोललो. त्यांनी आपुलकीनं चहा पाजला आणि म्हणाले, "सायेब, त्या नावाची ह्या तालुक्यात शंभर माणसं घावतील." डबा तसाच परत आला.

हे सगळं मी त्या फर्स्ट इयरच्या पोराला एकदम सांगितलं नाही. आठवड्याभरानं त्याला माझ्या क्वार्टरवर चहाला बोलावलं आणि डबा समोर ठेवला. त्यानं चित्रं इतक्या हलक्या हातानं काढली, की मला बरं वाटलं. कपिल, श्रीकांत, अझर बघून झाले. तळाशी एक पाकीट होतं, त्यात सात चित्रं. ती त्यानं उलटी करून बघितली.

"सर, गावसकर वेगळा का ठेवलाय? आणि ही सहा तर डबल आहेत."

तेव्हा सांगितलं. ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. आजकालची पोरं हिशोबाला पक्की असतात. म्हणाला, "पण सर, त्यानं सहा परत दिली म्हणजे सौदा मोडला. मग गावसकर त्याचा, पण सहा तर तुमचीच ना?"

त्याचं बरोबर होतं. सौदा मोडला असेल तर गावसकर त्याचा आणि सहा माझी. सौदा टिकला असेल तर गावसकर माझा आणि सहा त्याची. दोन्ही बाजू माझ्या, असं कुठल्याच समीकरणात बसत नाही. आणि मी तर तेहतीस वर्षं दोन्ही बाजू धरून बसलो होतो. म्हणून सहाही त्याच्याच पाकिटात टाकली आहेत. एवढ्या वर्षांचं व्याज समजा.

मित्रांनो, या लेखात मला कुणाला उपदेश करायचा नाही. सबमिशनच्या दिवसांत तो कुणी वाचतही नाही. छंद म्हणून काहीही जमवा – कार्डं, नाणी, काड्यापेट्या, अगदी एटीकेटीसुद्धा! शेवटचं एक मिळत नाही म्हणून रात्री झोप येत नाही, यातली मजा मला चांगली माहीत आहे. फक्त समोरच्याला भाव माहीत नसेल तर आधी सांगा, मग सौदा करा. आणि कुणी काही परत मागायला आलं तर 'उद्या' म्हणू नका.

जाताना त्या पोरानं दारात चपला घालता घालता विचारलं, "म्हणजे सर, तुमचा सेट पूर्ण पंचवीसचा आहे?"

"नाही रे," मी म्हटलं. "माझ्याकडे चोवीसच आहेत."